चपट्या चोचींचा लॉट

चौतीस वर्षं पारखीणबाईंच्या घरात एक पीससुद्धा आलं नाही. कोंबडी नाही, कबुतर नाही, पिंजऱ्यातला पोपट तर नाहीच नाही. नवरा अंडी उबवायच्या हॅचरीत कामाला, आणि हॅचरीचा नियमच होता तसा. इथं काम करणाऱ्याच्या घरी पक्षी असता कामा नये, बाहेरचा रोग आत येतो. वर्षातून एकदा दोन साहेब यायचे आणि कामगारांच्या घरांचं मागचं-पुढचं अंगण बघून जायचे. म्हणजे बघा, लाखांनी पिल्लं पुरवणाऱ्या माणसाची बायको, आणि तिला साधं अंडं दुकानातून विकत आणावं लागायचं! त्यात बाईंचा जीव बदकांत. माहेरच्या घरामागं डबकं होतं, त्यात पाच-सहा बदकं असायची, आणि शाळेतून आलं की दप्तर फेकून ही बया आधी तिकडे. ‘तुमची नोकरी एकदा संपू दे, मग बघा माझा थाट,’ असं त्या नवऱ्याला सुनवायच्या. नोकरी संपली. पुढं हॅचरीही बंद पडली. पण तोवर नवराच हातचा जायला लागला होता, मग बदकांचं कुणाला सुचतंय!

नवऱ्याला सगळे पारखी म्हणायचे, ते त्यांच्या कामावरून. निवडीच्या टेबलावर त्यांची बसायची जागा ठरलेली. मशीनमधून निघालेलं एका दिवसाचं पिल्लू हातात घ्यायचं, उलटं करायचं, बेंबी सुकली आहे का बघायची, पाय ताणून बघायचे, चोच, डोळे, की झालं. चांगलं असेल तर उजवीकडच्या ट्रेमध्ये, नसेल तर डावीकडे, बाद. दुसऱ्या माणसाला जिथं पाच सेकंद लागायचे तिथं पारख्यांना दोन पुरायचे, आणि त्यांनी उजवीकडे टाकलेलं पिल्लू कधी गिऱ्हाइकाकडून परत आलं नाही. त्यावरून बायको पारखीणबाई. ‘नवरा पारखून घेतला का हो?’ असं कामगारांच्या बायका त्यांना चिडवायच्या. ‘छे, मलाच पारखून उजवीकडे टाकलंय,’ असं त्या ठणकावून सांगायच्या.

डावीकडच्या पिल्लांचं पुढं काय व्हायचं, ते मात्र त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. पारखी घरी आले की आधी मोरीत जायचे आणि कोपरापर्यंत साबण लावून पाच-पाच मिनिटं हात धूत राहायचे. बाई दारातून टॉवेल द्यायच्या आणि जेवायला वाढायच्या. काही गोष्टी विचारल्या नाहीत की घर नीट चालतं, अशी त्यांची आपली समजूत होती.

आता पारख्यांचं डोकं रिकामं होत चाललं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही ते गेलं. चौदा महिने झाले, ते बायकोला ‘बाई’ म्हणत होते, वर ‘तुम्ही’ म्हणत होते. ‘बाई, चहा मिळेल का?’ खानावळीत बसल्यासारखं! बाईंना सुरुवातीला याचं हसू यायचं, मग रडू यायला लागलं, मग दोन्ही यायचं बंद झालं. एकदा ते घरातल्या सपाता घालून बंद हॅचरीच्या फाटकापाशी जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत ‘शिफ्ट कधी सुटणार?’ असं जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत राहिले. एकदा गॅस पेटवून त्यावर रिकामं पातेलं ठेवलं आणि झोपून गेले. तेव्हा मात्र लेकीनं डोक्याला हात लावला.

एकुलती एक लेक. दातांच्या दवाखान्यात मदतनीस, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, दर रविवारी अकराला न चुकता येणारी. मनानं वाईट नव्हती हो. उलट तिचंच बरोबर होतं, म्हणून तर बाईंना तिचा राग यायचा.

“आई, वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झालीय,” ती म्हणाली. “तीन आठवडे ते माझ्यासाठी थांबतील. तिसऱ्या रविवारी मी गाडी घेऊन येते.”

“त्यांना तिथं काय कळणार आहे, कुठं आलोय ते?”

“इथं कळतंय का?”

बाईंनी टेबलावरचा चुरा गोळा केला, परत सांडला, परत गोळा केला.

“आणि समज, तोवर सुधारले तर?”

“डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंयस. पण चल, काही फरक दिसला, अगदी एवढासा, तर मी हा विषय परत काढणार नाही. नाही दिसला, तर तू मला आडवी यायचं नाहीस. कबूल?”

“कबूल,” बाई म्हणाल्या.

पारख्यांना आता काय येतं, याचा बाई दोन दिवस विचार करत बसल्या. काहीच येत नव्हतं. शर्टाची बटणं लावता येत नव्हती. पण त्या मंगळवारी मटार सोलायला घेतले आणि चाळा म्हणून थोड्या शेंगा त्यांच्यापुढं टाकल्या, तर काय! प्रत्येक दाणा चिमटीत धरून, फिरवून, किडका तेवढा डावीकडे. एक चूक नाही. बाईंनी भांडं पुढं ओढून सगळे दाणे पुन्हा तपासले. खरंच एक चूक नाही. म्हणजे डोकं विसरलंय, हात विसरलेले नाहीत. मग हाताला धरून डोक्यालाही घरी आणता येईल, असा बाईंनी हिशोब मांडला. डॉक्टरला विचारलं असतं तर तो हसला असता. म्हणून त्यांनी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्या. पिल्लंवाल्याच्या मोपेडला मागं चार जाळीची खोकी बांधलेली होती. कोंबडीची बारा पिल्लं त्यांनी घेतली, आणि निघणार तेवढ्यात चौथ्या खोक्यात बदकांची पिल्लं दिसली. पिवळीधम्मक, चपट्या चोचींची, एकमेकांच्या अंगावर पडणारी. बाईंचं वय त्या क्षणी पासष्टवरून आठवर आलं.

“ही सहा द्या.”

“मावशी, एकत्र नका ठेवू,” पिल्लंवाला म्हणाला. “बदकं लई पाणी करतात. कोंबडीचं पिल्लू ओलं झालं की संपलं.”

“माझ्याकडं बल्ब एकच आहे रे बाबा.”

“मग दोन आठवडे ठेवा फार तर. नंतर वेगळी करा.”

“करते,” बाई म्हणाल्या. तोंडातून शब्द किती सहज निघतो बघा.

मागच्या खोलीत फ्रीजचं खोकं आडवं कापून ठेवलं. दोन खुर्च्यांवर काठी, काठीला बल्ब, खाली लाकडाचा भुसा. पाण्याची उथळ ताटली, पिल्लं आत पडून बुडू नयेत म्हणून त्यात खडे. आणि मग जो तमाशा सुरू झाला! बदकं दाणे तोंडात घेऊन पाण्यात जायची, पाणी तोंडात घेऊन दाण्यांत यायची, आणि तासाभरात अर्ध्या खोक्याचा चिखल. कोंबडीची पिल्लं एकेक पाय झटकत कोपऱ्यात उभी, पाहुणं म्हणून गेलेल्या घरी मोरी घाण निघावी तशी. भुसा बदलता बदलता बाईंच्या नाकी नऊ आले. पण दमली की तीच बारा आणि सहा एकाच ढिगात झोपायची. बदकांच्या मऊ पाठींवर कोंबडीची पिल्लं माना टाकायची. बाई स्टूल घेऊन ते बघत बसायच्या आणि त्यांच्या तोंडावरचं हसू काही केल्या जायचं नाही.

चिवचिव ऐकून पारखी खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले. कुणी सांगितलं नव्हतं. मोरीत गेले, कोपरापर्यंत हात धुतले आणि येऊन खोक्यापाशी बसले. एक पिल्लू उचललं. उलटं केलं, बेंबी, पाय, चोच, डोळे. बाजूच्या वर्तमानपत्रावर उजवीकडे ठेवलं. दुसरं. तिसरं. महिनोन् महिने थरथरणारे ते हात कसे अलगद चालत होते! बाईंनी तोंडावर पदर धरला.

बारा झाली. मग हातात बदक आलं आणि पारखी थांबले. त्यांनी ते उलटं केलं. पायाची बोटं फाकवून मधला पडदा बघितला. चोच दाबून बघितली. कपाळाला आठ्या पडल्या.

“बाई, हे कुठल्या मशीनचं?”

“अहो, बदक आहे ते.”

“बदक,” ते मान डोलावून म्हणाले, आणि त्यांनी ते डावीकडे ठेवलं. पाठोपाठ उरलेली पाचही. “हा लॉट बिघडलाय. चोची चपट्या, बोटं चिकटलेली. मशीनचं तापमान चुकलंय कुणाचं तरी. सुपरवायझरला कळवा.”

बाईंना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. “कळवते हो, आत्ता कळवते!” दीड वर्षात हा माणूस एका दमात एवढं बोलला नव्हता.

त्या दिवसापासून रोज सकाळी नऊ वाजता बाई म्हणायच्या, “चला, माल तपासायचा ना?” आणि पारखी उठायचे. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःची दाढी स्वतः केली. पाचव्या दिवशी बटणं लावली, एक खालीवर झालं, पण लावली. जेवायला लागले, दुपारी शांत झोपायला लागले. “आज किती?” असं बाईंनी विचारलं की लगेच, “अठरा. बारा चांगले, सहा बाद.” आणि आकडा बरोबर! बाई लेकीला फोन करून सांगायच्या. “अगं, तुझ्या बाबांनी आजपण माझी बदकं नापास केली!” पलीकडून लेकही हसायची. किती दिवसांनी दोघी फोनवर हसत होत्या.

तपासणी झाली की बाई डावीकडची सहा पदरात गोळा करून परत खोक्यात सोडायच्या. “तुमचे बाद ते माझे,” असं वर म्हणायच्या. पारख्यांना ते अजिबात आवडायचं नाही.

“बाई, परत टाकू नका ते. मिसळतात.”

“मिसळू देत हो, भावंडंच आहेत.”

“नियम आहे,” ते चिडून म्हणायचे. “मी एकदा बाद केलं म्हणजे केलं.”

आणि बाईंना काय वाटावं? बरं वाटायचं! नवरा चिडला, म्हणजे नवऱ्यात धुगधुगी आली. मेल्या माणसासारखं बसून राहण्यापेक्षा चिडलेला शंभरपट बरा. आता तुम्ही म्हणाल, बाईंना कळायला नको होतं का? नको का कळायला! पण ज्या घरात चौदा महिन्यांनी दिवा लागतोय, त्या घरात दिव्याची वात कशाची आहे ते बघायला कोण जातंय?

नवव्या दिवशी कोंबडीचं एक पिल्लू गेलं. सकाळी ओल्या भुशात आडवं पडलेलं होतं, पंख अंगाला चिकटलेले. बाईंच्या आधी पारख्यांनी बघितलं. तळहातावर घेऊन ते बराच वेळ त्याला अंगठ्यानं चोळत बसले.

“ओलं झालं की जातं,” ते म्हणाले. “तुम्ही बाद परत टाकता, ते चांगल्यांना ओलं करतात. माझ्या टेबलावरचं पिल्लू असं कधी गेलं नव्हतं, बाई. कधीच नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बाईंनी ताटलीखाली जाळी ठेवली, भुसा दिवसातून तीनदा बदलायला लागल्या. बदकं वेगळी करायला हवीत हे त्यांना दिसत होतं. पण दुसरं खोकं ठेवायचं कुठं, दुसरा बल्ब लावायचा कुठं, आणि पारख्यांनी दोन ठिकाणी बसायचं कसं? खरं सांगायचं तर ही नुसती निमित्तं होती. दुपारी सगळी मिळून एका ढिगात झोपतात, ते बघणं सोडवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही आणलं होतं त्यांनी.

दुसऱ्या रविवारी लेक आली. पारख्यांनी तिला ओळखलं नाही, पण “या ताई, बसा” असं म्हणून खोक्यापाशी नेलं आणि एकेक पिल्लू उचलून दाखवलं. लेक वाकून बघत होती आणि नाक वर ओढत होती. सर्दी नव्हती तिला. जाताना दारात म्हणाली, “फरक आहे गं आई. पण मला ‘ताई’ म्हणाले. अजून एक आठवडा आहे, बघू. आणि ती बदकं वेगळी कर, वास बघ केवढा सुटलाय.”

“करते,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारी बाई पहाटेपासून कामाला लागल्या. घर झाडलं, चादरी बदलल्या, पारख्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. सगळं झालं आणि बघतात तर दूध नासलेलं. लेक येणार, आणि चहाला दूध नाही! नऊ वाजत आले होते. पारखी हात धुऊन खोक्यापाशी उभे होते.

“माल तपासायचा ना, बाई?”

“तुम्ही सुरू करा,” चपलेत पाय घालता घालता बाई म्हणाल्या. “मी आलेच.”

दुकान कोपऱ्यावर, वीस मिनिटं लागली असतील. परत आल्या तेव्हा पारखी मोरीत होते, कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होते. बाईंनी पिशवी ठेवली, दोरीवरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की घरात आवाज कमी आहे. कोंबडीच्या पिल्लांची चिवचिव होती. ती दुसरी, घोगरी कुरकुर नव्हती.

वर्तमानपत्राच्या उजवीकडे अकरा पिल्लं तुरुतुरु फिरत होती. डावीकडे भुशाची बादली होती. तिच्यात सहा बदकं एकाला एक लावून नीट ठेवलेली होती. माना तेवढ्या सैल पडल्या होत्या. रक्ताचा थेंब नव्हता कुठं. फार सफाईचं काम होतं.

बाई खाली बसल्या. एकाला हात लावला तर ते अजून गरम होतं.

“झालं गं सगळं,” मागून पारखी म्हणाले.

बाईंनी मान वळवली. ‘गं’? चौदा महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

“खाली काय बसलीस अशी? गुडघा दुखतो ना तुझा?” पारखी पुढं आले. डोळे लख्ख होते, नजर थेट बाईंच्या तोंडावर. “आणि सकाळी सकाळी गेली होतीस कुठं? मी घरभर शोधलं तुला. माल तपासून झाला, म्हटलं हिला सांगू, तर तुझा पत्ता नाही.”

ते तेच होते. नवरा होता. ज्याच्यासाठी त्यांनी तीन आठवडे चिखल उपसला होता तो समोर उभा होता, बायकोला ओळखत होता, तिच्या गुडघ्याची चौकशी करत होता. बाईंच्या तोंडून हुंदका फुटला, आणि तो सुखाचा की दुःखाचा हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

“रडतेस काय वेडे?” त्यांनी हात धरून बाईंना उठवलं, खुर्चीवर बसवलं. हात सोडला नाही. संधिवातानं वाकडी झालेली ती बोटं त्यांना आज पहिल्यांदाच दिसत होती. “अगं, ही कधीपासून अशी?” एकेक बोट त्यांनी ताणून बघितलं. सुजलेलं पेर अंगठ्यानं दाबलं. पंजा उलटा केला, मनगट फिरवून बघितलं. किती हळुवारपणे! मग दुसरा हात बाईंच्या खांद्यावर आला आणि मानेपाशी येऊन थांबला.

“घाबरू नकोस,” ते मायेनं म्हणाले. “कळतसुद्धा नाही. क्षणाचं काम.”

बाई हलल्या नाहीत. “काय कळत नाही हो?”

पारखी गोंधळले. हात काढून त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. “काय म्हणत होतो मी?” असं म्हणून ते ओशाळं हसले. “चहा टाकतेस का?”

बाईंनी चहा टाकला. साखर ओट्यावर सांडली. स्वतःच्या मानेचं त्यांना काही वाटलं नव्हतं. या वयात मानेचं काय एवढं! पण हा माणूस नंतर हात धुऊन कोरडे करेल, आणि मग असाच एखाद्या सकाळी लख्ख होईल आणि विचारेल, ‘अगं, कुठं गेलीस?’ घरभर शोधेल. आणि सापडेल त्याला. तेव्हा ते पाहायला बाई नसतील, पण तो असेल. आणि ‘तुम्ही सुरू करा’ असं कोण म्हणालं होतं? रोज सकाळी त्यांना त्या टेबलावर नेऊन कोण बसवत होतं? विचारायचं होतं ते चौतीस वर्षं विचारलं नाही, आणि आता उत्तर बादलीत पडलं होतं. चहा उतू जायच्या आत बाईंनी बादलीवर फडकं टाकलं आणि ती मोरीमागं नेऊन ठेवली.

अकराला बेल वाजली. दार पारख्यांनीच उघडलं.

“आलीस होय!” त्यांचा आवाज आतपर्यंत आला. “किती वाळलीयस गं. त्या दातवाल्या डॉक्टरला सांग, पोरीला जेवायला सोडत जा म्हणून.”

मग लेक बापाच्या गळ्यात पडून रडत असल्याचं बाईंना स्वयंपाकघरातून ऐकू आलं. पारखी तिच्या पाठीवर थोपटत होते, “बास बास, सासरी चाललीयस का?” असं म्हणत होते. थोड्या वेळानं लेक डोळे पुसत आत आली. चेहरा असा फुलला होता की बाईंना तो बघवेना.

“आई, तू जिंकलीस,” ती म्हणाली. “मी हरले. मी आत्ता तिथं कळवते, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. कसं केलंस गं हे तू?” खोक्याकडे तिचं लक्ष गेलं. “आणि बदकं कुठायत?”

“देऊन टाकली.”

“बरं केलंस. घाण किती करायची.”

बाईंनी कप धुतला. धुतलेलाच कप परत धुतला. पारखी दारात येऊन उभे राहिले होते, दोघींकडे आळीपाळीनं बघत होते, घरच्या माणसानं घरच्यांकडे बघावं तसे.

“नको कळवूस,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“जागा सोडू नकोस. आजच ने त्यांना.”

लेकीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “आई, अगं त्यांनी... त्यांनी ओळखलं मला! तीन आठवडे माझ्याशी भांडत होतीस, आणि आज, आजच्या दिवशी...”

“मला झेपत नाही.”

“काय झालंय? काही केलं का त्यांनी?”

“काही केलं नाही,” बाई ठासून म्हणाल्या. “त्यांनी काहीही केलेलं नाही. मी थकलेय. माझ्याच्यानं होत नाही आता. लाव फोन.”

लेकीच्या तोंडावर आधी राग आला, मग काहीतरी त्याहून वाईट आलं. आईला नवरा नकोय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलेलं बाईंना स्पष्ट दिसलं. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं, मोरीमागची बादली नुसती दाखवता आली असती. पण मग लेकीनं जन्मभर बापाच्या हातांकडे कसं बघितलं असतं? लेक पर्स उचलून बाहेरच्या खोलीत गेली.

पारखी सगळं ऐकत होते. आज त्यांना सगळं कळत होतं. तेवढी एक सकाळ देवानं नेमकी आजचीच निवडली होती. ते हळूहळू बाईंजवळ आले. आता विचारतील, मी काय केलं म्हणून, अशा भीतीनं बाईंनी ओटा घट्ट धरला.

त्यांनी तसं काही विचारलं नाही. कोपऱ्यातली खुर्ची ओढली, फडक्यानं पुसली आणि बाईंच्या मागं आणून ठेवली.

“थकलीयस तर बस की जरा,” ते म्हणाले. “मी आहे ना.”

बाई बसल्या. बाहेरच्या खोलीत लेकीचा फोन लागला होता आणि ती पलीकडच्या माणसाला विचारत होती, किती वाजेपर्यंत आणलेलं चालेल.